चौदा वर्षं उभी असलेली बेडफोर्ड आरएल घ्यावी का, आणि घेतली तर आधी काय उघडावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. तुम्ही लेस्टरजवळ राहता आणि एका शेतावरच्या शेडमध्ये चौदा वर्षं उभी असलेली बेडफोर्ड आरएल तुम्हाला मिळतेय. ब्रिटिश सैन्याची जुनी लॉरी: तीन टनी, फोर बाय फोर, पेट्रोल. आजोबा एसटीत बेडफोर्ड चालवायचे, त्यामुळे ओढ आहेच. विचारलंय ते असं: इंजिन बांधायला किती पडेल, गाडी पूर्ण सुटी करून चासीपासून सुरुवात करावी का, कारच्या लायसन्सवर ती चालवता येईल का, आणि काही पार्ट पुण्याच्या जुन्या बाजारातून आणता येतील का.

लायसन्सचं आधी बोलू, कारण त्यावरून गाडी घ्यायची की नाही हेच ठरू शकतं. आरएलचं भरलेलं वजन साडेसात टनांच्या वर जातं. म्हणजे १९९७ च्या आधी कारची परीक्षा पास झालेल्यांना मिळालेला सी-वन वर्गही पुरत नाही, एरवी पूर्ण सी वर्ग लागतो. सवलत एकच आहे. १ जानेवारी १९६० च्या आधी बनलेली मालवाहू गाडी रिकामी चालवली आणि मागे भरलेला ट्रेलर नसला, तर कारच्या लायसन्सवर चालते. आरएलचं उत्पादन १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९६० चं दशक संपेपर्यंत चाललं. त्यामुळे १९५८ ची गाडी आणि १९६२ ची गाडी शेजारी उभ्या केल्या तर दिसायला सारख्या, पण तुमच्या दृष्टीने फार वेगळ्या. लॉगबुकात पहिल्या नोंदणीची तारीख असते, ती बऱ्याचदा सैन्याने गाडी विकली त्या वर्षाची असते. तिच्यावर विसंबू नका. कॅबमधल्या पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवरचा चासी नंबर आणि सैन्याचा जुना नंबर लिहून घ्या. सैन्याचा नंबर दोन अंक, दोन अक्षरं, दोन अंक असा असतो. विंचेस्टरजवळ वर्दी डाउन इथे रॉयल लॉजिस्टिक कोअरचं संग्रहालय आहे. सैन्याच्या ‘बी’ वर्गातल्या गाड्यांची, म्हणजे ट्रक-लॉरींची नोंदपत्रं तिथे आहेत. गाडी कधी ताब्यात आली आणि कधी काढून टाकली हे त्यावरून कळतं. ही तारीख हातात आल्यावर डीव्हीएलए (ब्रिटनचं लायसन्स आणि गाडी-नोंदणीचं सरकारी कार्यालय) आणि विमावाला या दोघांकडूनही लेखी खात्री करून घ्या, आणि मगच पैसे द्या.

एमओटी (गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी) आणि रोड टॅक्सचं सोपं आहे. चाळीस वर्षांवरच्या, खासगी वापराच्या आणि मोठे बदल न केलेल्या गाडीला दोन्हीतून सूट मिळते. टॅक्स शून्य असला तरी तो दरवर्षी ‘भरावा’ लागतो, हे विसरू नका. पण एमओटी नाही याचा अर्थ गाडी तपासायला दुसरं कुणीही नाही. ती रस्त्यावर आणायच्या लायकीची ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी पूर्ण तुमची, आणि म्हणूनच खालच्या उत्तरात मी इंजिनापेक्षा ब्रेक आणि चाकांवर जास्त वेळ घालवणार आहे.

आता इंजिनाचं. आरएलमध्ये ४.९ लिटरचं, सहा सिलिंडरचं, वरच्या वॉल्व्हचं पेट्रोल इंजिन असतं. ३०० घनइंची म्हणून ते ओळखलं जातं. दणकट आहे, कमी फेऱ्यांवर ओढतं, आणि सैन्यात या गाड्यांचे मैल फारसे झालेले नसतात. कोरड्या शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीचं इंजिन बांधायलाच लागेल असं गृहीत धरू नका. माझ्या हाताखालून गेलेल्या गाड्यांत उभं राहून बिघडलेलं पाहिलंय ते इंजिनाच्या भोवतीचं: टाकी, कार्बोरेटर, पाणी फिरण्याच्या वाटा, ब्रेक, रबर. तुम्ही खर्चाचा आकडा विचारलाय, तो गाडी न बघता सांगणं चुकीचं होईल. तो दोन गोष्टींवर ठरेल. इंजिन हाताने फिरतं का, आणि ब्लॉक थंडीत फुटला आहे का. उभी करताना पाण्यात अँटीफ्रीझ नव्हतं आणि पाणी काढलंही नव्हतं, तर ब्लॉकच्या बाजूला, साधारण पाण्याच्या पातळीला आडवी भेग जाते. तारेच्या ब्रशने गंज आणि रंग काढून टॉर्च तिरकी धरा, केसासारखी रेघ दिसते. ती दिसली तर किंमत पाडून मागा किंवा गाडी सोडा.

इंजिन जागं करायची माझी पद्धत सावकाश आहे आणि त्यात चार-पाच दिवस जातात. पहिल्या दिवशी सहाही प्लग काढायचे, प्रत्येक भोकात दोन चमचे पातळ तेल सोडायचं. मी डिझेल आणि इंजिन ऑईल निम्मं-निम्मं वापरतो. ते दोन दिवस मुरू द्यायचं. तोवर रॉकर कव्हर काढून प्रत्येक वॉल्व्ह लाकडी दांड्याने हलका दाबून बघायचा. दाबला आणि टुणकन वर आला तर ठीक. खाली जाऊन तिथेच राहिला तर त्याच्या दांडीवर तेल सोडून तो मोकळा होईपर्यंत खालीवर करा, कारण अडकलेल्या वॉल्व्हवर इंजिन फिरवलं की पुशरॉड वाकतो. मग गियर न्यूट्रलला, आणि हँडलने किंवा पुढच्या पुलीवरून इंजिन हाताने फिरवायचं. पाव फेरीला अडलं तर जोर लावू नका, उलट फिरवा, तेल सोडा, उद्या परत या. दोन पूर्ण फेऱ्या मोकळ्या झाल्यावर सम्पमधलं (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातलं) जुनं तेल काढा, फिल्टर बदला, नवं तेल भरा. हँडबुकात तुम्हाला ‘ओएमडी-११०’ असं लष्करी नाव दिसेल, ते साधं एसएई-३० आहे. गियर ऑईल ‘ओईपी-२२०’ म्हणजे ईपी-९०. ही दोन नावं कळली की हँडबुकाचा निम्मा धाक जातो. प्लग काढलेलेच ठेवून स्टार्टरवर दहा-दहा सेकंद फिरवा, ऑईल प्रेशरचा काटा हलला की मगच प्लग लावा.

पहिल्यांदा चालू करताना गाडीच्या टाकीतलं पेट्रोल अजिबात वापरू नका. पाच लिटरचा स्वच्छ डबा बाहेर ठेवा आणि तिथून पंपाला नवी नळी जोडा. चौदा वर्षांचं पेट्रोल वार्निशसारखं होतं, आंबूस वास येतो, आणि तळाला गंजाचा चिखल असतो. टाकी उतरवून आतून स्वच्छ करायचीच आहे. त्यात मूठभर नट घालून, पाणी आणि साबण घालून तासभर हलवली तरी बराच गंज निघतो. टाकीवर वेल्डिंगचा विचार स्वतः करू नका. रिकामी दिसणारी पेट्रोलची टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, कारण आत वाफ असते. हे काम वाफेने धुऊन करणाऱ्याकडेच द्या.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून पंपावरचं साधं पेट्रोल ई-१० आहे, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या रबराला ते चालत नाही. नळ्या फुगतात, पंपाचा पडदा कडक होतो, कार्बोरेटरच्या तळाशी पांढरी पूड जमते. सर्व रबरी नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या आर-९ प्रतीच्या घ्या. पंपाचा पडदाही त्याच हिशेबाने नवा घ्या. शक्य तिथे महागडं, ई-५ चं पेट्रोल भरा, आणि हिवाळ्यात गाडी उभी करताना कार्बोरेटर कोरडा करा. गाडी गॅलनला सात-आठ मैलच देते, म्हणजे शंभर किलोमीटरला पस्तीस-चाळीस लिटर. वर्षाला कुठे कुठे जायचं याचा हिशेब त्यावरून बांधा.

आता ब्रेक. आरएलचे ब्रेक हायड्रॉलिक आहेत, त्यांना सर्व्होची, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या यंत्राची, मदत असते, आणि सर्किट एकच. आजच्या गाडीसारखे दोन वेगळे मार्ग नाहीत. एक नळी फुटली की पेडल सरळ पाटापर्यंत जातं आणि चारही चाकांचा ब्रेक जातो. उरतो फक्त हँडब्रेक. चार-साडेचार टनांची रिकामी गाडी हँडब्रेकवर थांबायला किती अंतर घेते याचा अंदाज मोकळ्या मैदानात एकदा घेऊन बघा, मग मी या भागात एवढा का अडतो ते कळेल.

विकणारा म्हणेल की पेडल कडक आहे, ब्रेक लागतो. त्यावर जाऊ नका. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. ते पाणी तळाला, म्हणजे व्हील सिलिंडरमध्ये बसतं आणि चौदा वर्षांत तिथे खड्डे पाडतं. चाक काढा, अ‍ॅडजस्टर पूर्ण सैल करा. तो सैल न करता ड्रम ओढलात तर ड्रमच्या कडेला झालेल्या धारेत शू अडकतात आणि स्प्रिंगं तुटतात. ड्रम निघाल्यावर आतली धूळ फुंकू नका, हवेच्या नळीने उडवूही नका. त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं ओलं असतानाच पिशवीत बांधा आणि महापालिकेच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्या. सायलेन्सरची जुनी पॅकिंगं आणि क्लच प्लेटही याच नियमात.

मग व्हील सिलिंडरची रबरी टोपी नखाने मागे सारा. आत कोरडं आणि राखाडी असेल तर सील अजून धरून आहे. ओलं असेल तर गळती आहे. तपकिरी लगदा दिसला तर पिस्टन जवळजवळ नक्की अडकलेला आहे. सिलिंडर उघडून आतली भिंत पुसा आणि तिच्यावरून नख फिरवा. नखाला काहीच लागलं नाही तर बारीक होन मारून (आतून घासून गुळगुळीत करून) नवं सील चालतं. नख एका जरी जागी अडकलं तर होन मारत बसू नका. सिलिंडर आतून स्टेनलेसची बाही (स्लीव्ह) बसवायला पाठवा किंवा नवा घ्या. होन मारून भोक मोठं झालं की सील पातळ ताणलं जातं आणि पहिल्या जोराच्या ब्रेकला गळतं. मी चार चाकांतला एक जरी सिलिंडर खराब निघाला तरी सगळे आणि मास्टर सिलिंडरसुद्धा एकदमच करतो, कारण दाब सगळीकडे सारखाच असतो, आणि नवी सीलं तो पूर्ण धरायला लागली की जुनं सील असलेल्या ठिकाणी तो फुटून बाहेर येतो.

रबरी होस बाहेरून चांगले दिसले तरी बदला. आतून ते फुगतात आणि एकदिशा वॉल्व्हसारखं वागतात: पायाच्या जोराने फ्लुइड जातं, पण परत येत नाही, आणि चाक घासत राहतं. शंका आली तर ब्रेक दाबून सोडा. चाक अडकलंच राहिलं तर त्याच चाकाचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) किंचित उघडा. थेंबभर फ्लुइड उडून चाक मोकळं झालं तर दोष होसचा आहे, शूचा नाही. लोखंडी नळ्या चासीला जिथे क्लिपने धरलेल्या असतात तिथे क्लिपखालीच गंजतात. म्हणून एकही क्लिप न उघडता ‘नळ्या ठीक आहेत’ म्हणता येत नाही. नव्या नळ्या तांबं-निकेलच्या घ्या. साधं तांबं कंपनाने कडक होऊन तडकतं. जाडी मूळ नळीची मोजूनच घ्या.

फ्लुइड डॉट-४ घाला आणि दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. वर्षातून तीनचारदाच गाडी काढणारे काही जण सिलिकॉनचं डॉट-५ घालतात, त्यात पाणी शोषलं जात नाही. तो मार्ग पूर्ण यंत्रणा कोरडी आणि सर्व सील नवे असतील तेव्हाच. दोन्ही एकमेकांत मिसळले तर यंत्रणा पुन्हा पूर्ण उघडावी लागते. मिनरल ऑईल यात एक चमचाही जाता कामा नये, सगळं रबर फुगतं. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू करा, दोन-तीन लिटर फ्लुइड हाताशी ठेवा, आणि काढलेलं परत भरू नका. शेवटी एकाला पेडलवर पूर्ण जोराने दोन मिनिटं उभं करा आणि तुम्ही खाली टॉर्च घेऊन प्रत्येक सांधा बघा. पेडल किंचितही खाली सरकत असेल तर गळती सापडेपर्यंत गाडी हलवायची नाही.

चाकांबद्दल मी कुणाशीच तडजोड करत नाही. त्या काळच्या सैनिकी गाड्यांच्या रिम एकसंध नसतात. काहींना बाहेरच्या बाजूने लॉक रिंग असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या बऱ्याच गाड्यांच्या रिम दोन तव्यांच्या असतात आणि नटबोल्टने जोडलेल्या असतात. अशा रिमचे जोडणीचे नट आणि चाक हबला बसवायचे नट शेजारी शेजारी असतात. टायरमध्ये हवा असताना जोडणीचा नट सोडला तर रिमचे दोन भाग तोफगोळ्यासारखे सुटतात. यात माणसं मेली आहेत. चाकाला हात लावायच्या आधी वॉल्व्हची सुई काढा, सर्व हवा जाऊ द्या, आणि वॉल्व्हच्या भोकात तार घालून ते बुजलेलं नाही याची खात्री करा. मगच जॅक लावा. टायर बदलायचं काम रिंगच्या चाकांची सवय असलेल्या, लोखंडी पिंजरा असलेल्या दुकानातच द्या. पिंजऱ्यातही हवा भरताना चिमट्याची नळी आणि लांबचं गेज हवं, माणूस चाकासमोर उभा नको. गंजलेली रिंग ठोकून बसवणारा भेटला तर चाक उचलून परत आणा.

टायरचं वय बाजूच्या चार आकड्यांवरून कळतं, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे. मोठ्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांवरचे टायर वापरायला २०२१ पासून बंदी आहे. चाळीस वर्षांवरच्या खासगी गाडीला त्यातून सूट आहे, पण ती सूट आहे म्हणून पुढे पंचवीस वर्षांचे टायर ठेवू नका. पुढचा टायर फुटला तर स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. एका चाकाचं वजन शंभर किलोच्या आसपास भरतं, एकट्याने उचलायचं नाही. आणखी एक, अनेक ब्रिटिश लॉरींच्या डाव्या बाजूचे चाकाचे नट उलट्या आट्यांचे असतात. स्टडच्या टोकावर खूण बघा, नाहीतर सोडतोय असं समजून तुम्ही घट्ट करत राहाल आणि स्टड तुटेल. चाक बसवल्यावर पहिल्या चाळीस-पन्नास किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

पान्यांचा प्रश्न तुमच्या मनात येईलच. बेडफोर्ड जनरल मोटर्सच्या घरातली, त्यामुळे बहुतेक नट ए-एफ इंची मापाचे (नटाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर) असतात, व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचा संच कमी लागतो. अर्ध्या इंचाच्या नटावर १३ मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण गंजलेल्या नटाचे कोपरे त्यानेच झिजतात. ए-एफचा एक चांगला, सहा कोनांचा सॉकेट संच आधी घ्या.

जुन्या बाजाराबद्दल. बेडफोर्ड हे नाव मुंबईत शिवडीच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यामुळे आणि एसटीच्या सुरुवातीच्या ताफ्यामुळे आपल्याला ओळखीचं आहे. पण आजोबांनी चालवलेली बेडफोर्ड बहुधा ओ मालिकेतली, साडेतीन लिटरच्या इंजिनाची असणार. तिचं इंजिन, ब्रेक, एक्सल आरएलला लागत नाहीत. तिथून हेडलाइटची काच किंवा एखादा मीटर आठवण म्हणून आणा. आरएलचे पार्ट ब्रिटनमध्येच मिळतात, आणि त्याचं एक चांगलं कारण आहे. १९५३ ते १९५६ दरम्यान ऑक्झिलरी फायर सर्व्हिससाठी बनलेले हिरवे बंब, ज्यांना लोक ‘ग्रीन गॉडेस’ म्हणतात, त्यातले फोर बाय फोर बंब आरएलच्याच चासीवर आहेत. १९६८ मध्ये ती सेवा बरखास्त झाली, पण बंब साठ्यात राखून ठेवले गेले आणि १९७७ व २००२ च्या अग्निशमन संपांत सैनिकांनी ते चालवले. नंतर ते विकले गेले, आणि त्यांच्याबरोबर नव्या, ग्रीस लावून कागदात गुंडाळलेल्या पार्टांचा साठाही बाहेर आला. मिलिटरी व्हेइकल ट्रस्टचं सभासदत्व घ्या. पार्ट कोणाकडे आहेत हे तिथल्या माणसांना जाहिरातीच्या आधी माहीत असतं.

पूर्ण सुटी करावी का? माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या वर्षी नाही. चालती गाडी स्वतःचे दोष दाखवते. गियर तिसऱ्यातून निसटतो, डावीकडे ओढते, गरम झाल्यावर तेलाचा दाब पडतो, हे सुट्या केलेल्या ढिगाऱ्यातून कधीच कळत नाही. सुटी गाडी साडेसहा मीटर लांब गाडीच्या तिप्पट जागा खाते, डब्यांवरची नावं पुसतात, आणि दोन हिवाळ्यांनंतर ती चासी, कॅब आणि सत्तर खोके अशी विकायला निघते. म्हणून आधी थांबेल अशी करा, मग चालेल अशी, आणि एक उन्हाळा वापरून झाल्यावर एकेक भाग उतरवा. याला अपवाद आहे तो चासीचा. तिच्या दोन लांब पट्ट्या आणि आडव्या पट्ट्या जिथे रिव्हेटने जोडल्या आहेत, तिथे दोन पत्र्यांच्या मध्ये गंज फुगून फट पडलेली दिसली, किंवा हातोडीच्या टोल्याला खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर मात्र सगळं उतरवण्यावाचून इलाज नाही. आणि चासीच्या वरच्या-खालच्या कडेवर आडवं वेल्डिंग कधीही करू नका. भार तिथेच सर्वांत जास्त असतो, आणि भेग नेमकी त्या वेल्डिंगच्या शेजारून सुरू होते.

गाडी घरी आणताना दोरीने ओढून नको, लो-लोडरवरून आणा. आल्यावर सर्व एक्सल, गियर बॉक्स आणि ट्रान्स्फर बॉक्सचे खालचे बूच एक फेरी सैल करून पहिले थेंब बरणीत धरा. पाणी जड, ते आधी येतं. दुधाळ तेल आलं तर पाणी आत घुसलंय. डिफच्या (एक्सलमधल्या डिफरन्शियलच्या) भोपळ्यासारख्या पेटीवरचा छोटा ब्रीदर, म्हणजे हवा जाण्याचं भोक, बुजलेला असतो, तो मोकळा केला नाही तर नवं ऑईल सीलही गरम हवेच्या दाबाने आठवड्यात गळायला लागतं. त्या मागच्या भोपळ्यावर जुना पांढरा रंग दिसला तर तो खरवडू नका. रात्री ताफ्यात मागच्या ड्रायव्हरला दिसावा म्हणून तो पांढरा रंगवत, आणि त्याच्यावर उजेड टाकणारा एक लहान दिवा चासीखाली असतो. बहुतेक गाड्यांत तो दिवा गायब असतो. तुमच्या गाडीत असेल तर जपा.

पुढची चाकं डांबरी रस्त्यावर जोडायची नाहीत, हेही इथेच सांगतो. पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफ नाही. वळणावर दोन्ही एक्सलच्या फेऱ्या वेगवेगळ्या होतात, कोरड्या रस्त्यावर टायर घसरत नाही, आणि तो पीळ शाफ्ट व गियरमध्ये साठत जातो. मग लिव्हर निघत नाही. तसं झालं तर सरळ मागे काही मीटर घ्या, पीळ सुटतो. फोर बाय फोर फक्त चिखल आणि ओल्या गवतासाठी.

वायरिंगवर फार लिहीत नाही. जुनं रबरी आवरण वाकवल्यावर तडकत असेल तर दुरुस्ती नाही, नवी वायरिंग. बॅटरीचं कोणतं टोक चासीला जोडलंय आणि गाडी १२ व्होल्टची आहे की रेडिओवाली २४ व्होल्टची, हे बॅटरी लावण्याआधी बघा, आणि पहिल्याच दिवशी बॅटरीला मोठा कट-ऑफ स्विच बसवा.

कॅबचा पत्रा हा सर्वांत वेळखाऊ भाग. छपराला टेहळणीसाठी गोल झाकण असतं. त्याचं रबर सुकलं की पाणी आत येतं आणि मजल्याचे कोपरे, दारांच्या खालच्या कडा आणि कॅब चासीवर जिथे टेकते ते आधार सडतात. म्हणून छपराच्या झाकणाचं रबर आधी, पत्रा नंतर. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी टाकून ती बांधून घ्या, दार लावून फटी तपासा, मग आधारापासून वर काम करा. उलट केलंत तर शेवटी दार लागत नाही. मी मजल्याला १.६ मिलिमीटर आणि बाकी कॅबला १.२ मिलिमीटर पत्रा वापरतो. आत पोचत नाही अशा पोकळ्यांत शेवटी पातळ मेण फवारा. हौद्याचे फाळके लाकडी असतील तर रंगाआधी प्रत्येक फळीच्या कापलेल्या टोकाला प्रायमर दोनदा पाजा, लाकूड पाणी तिथूनच पितं.

रंगाची घाई करू नका. दारावर आणि पुढच्या बंपरवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून हलक्या हाताने, गोल गोल फिरवा. झाडाच्या खोडासारखी वलयं उघडतात: वर शेतकऱ्याचा हिरवा, खाली सैन्याचा मॅट हिरवा आणि काळा, त्याखाली चमकदार गडद डीप ब्राँझ ग्रीन, म्हणजे ब्रिटिश स्टँडर्डचा २२४ नंबर. १९५० च्या दशकातली गाडी कारखान्यातून बहुधा त्याच रंगात निघालेली असते. नंतरचा नाटो ग्रीन २८५ नंबरचा. हाच हात चालवताना कधी कधी जुन्या नंबराची पांढरी अक्षरं पुसट उमटतात. दिसली की थांबा. ट्रेसिंग पेपर लावून त्यांचं माप आणि जागा उतरवून घ्या, मोजपट्टी ठेवून फोटो काढा. दुकानातली स्टेन्सिल अक्षरं त्या हाताने रंगवलेल्या अक्षरांशी जुळत नाहीत. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून कोरडं घासायचं नाही आणि मास्क काढायचा नाही.

वेळेचा अंदाज द्यायचा तर ब्रेक, चाकं, पेट्रोल आणि वायरिंग एवढंच एकट्याने नीट केलं तर दीडशे ते दोनशे तास धरा. पत्र्याचं काम गाडी बघितल्याशिवाय सांगता येत नाही. जागा मात्र आधी मोजा. गाडी २.४ मीटर रुंद आहे आणि ताडपत्रीच्या कमानी लावल्या की तीन मीटरच्या वर जाते. तेवढी उंची झाली की कॅबमध्ये ड्रायव्हरला दिसेल अशी उंचीची पाटी लावणं बंधनकारक आहे.

शनिवारी बघायला जाताना टॉर्च, छोटी हातोडी, तारेचा ब्रश, ए-एफ सॉकेट, दोन रिकाम्या बरण्या, ट्रेसिंग पेपर आणि जुने कपडे न्या. चाकांचे कमानपाटे (लीफ स्प्रिंग), मागचा भोपळा, कॅबचे चार आधार, चासीच्या रिव्हेटच्या जागा आणि पाचही रिमचे जवळून फोटो काढा. चासी नंबरच्या पट्टीचा फोटो सरळ समोरून घ्या, आकडे वाचता येतील असा. ते इथे टाका, मग १९६० च्या आधीची आहे की नाही आणि चासीचं काय करायचं, हे दोन्ही बोलता येईल.